देव न मानणारी माणसे आणि आपण

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एक लेख इतिहासाचा असावा, ही आपली चाल आहे. आजवर अंबाजोगाईची योगेश्वरी, परळीचा वैद्यनाथ, आद्यकवी मुकुंदराज यांच्यावर आपल्या भगिनींनी लिहिले आणि आपण ते आवडीने वाचले. यंदा ती कामगिरी माझ्या वाट्याला आली. मी अध्यक्षबाईंना म्हटले, देवांचा इतिहास झाला, संतांचाही झाला. पण ज्यांनी देव मानला नाही अशा माणसांचा इतिहास कुणी सांगितला नाही, तो सांगू का? त्या घटकाभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लिहा, पण जपून लिहा." जपून म्हणजे भिऊन नव्हे, असा त्याचा अर्थ मी केला आहे.

आरंभीच सांगून टाकते की, मी स्वतः देव मानणारी बाई आहे. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा आहे, तुळजापूरची भवानी आहे. नवरात्रात घट बसतात आणि आषाढीला माझा उपवास असतो. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. पण वाचनाची गोडी लागली ती सुटली नाही. दुपारची भांडी आवरली की वाचनालयातून आणलेले पुस्तक हाती घ्यायचे, हा गेल्या पंधरा वर्षांचा नेम. त्या वाचनातून आणि चार घरी डोळ्यांनी पाहिले त्यातून हा लेख उतरला आहे.

हाच विषय का, असे कुणी विचारील. आमची थोरली लेक परिचारिकेचे शिक्षण घेऊन नोकरीला लागली. मागच्या श्रावणात तिने मला शांतपणे सांगितले, "आई, मला देव आहे असे वाटत नाही. तुझ्या पूजेची फुले मी आणीन, पण खोटे हात जोडणार नाही." घरात दोन दिवस कुणी धड बोलले नाही. आत्याबाई म्हणाल्या, पोरगी नास्तिक झाली, आता हिला पदरात कोण घेणार? पोरीने चोरी केली नव्हती, कुणाला फसवले नव्हते. तरी तो शब्द घरात असा पडला, जणू कुणी सुतकाची बातमी आणली. मग मला वाटू लागले की, हे नास्तिक म्हणजे कोण होते, त्यांनी आपल्या समाजाचे काय केले, आणि समाजाने त्यांचे काय केले, हे एकदा नीट पाहावे.

प्रथम शब्दाचेच पाहू. जुन्या शास्त्रकारांच्या लेखी नास्तिक म्हणजे देव न मानणारा नव्हे, तर वेद न मानणारा. त्या हिशेबाने जैन आणि बौद्धही नास्तिकांत गणले गेले. उलट सांख्य मताचे लोक वेद मानीत म्हणून आस्तिक ठरले, जगाच्या कर्त्या ईश्वराची गरज मात्र त्यांना वाटली नाही. दुसरा एक शब्द आहे, अज्ञेयवादी. देव आहे की नाही हे माणसाला कळण्यासारखे नाही, तेव्हा जे कळते त्यावर चालावे, असे म्हणणारा तो अज्ञेयवादी. खरे सांगायचे तर आपल्यातल्या पुष्कळ जणी दुःखाच्या वेळी घटकाभर अज्ञेयवादी होऊन जातात. फक्त तो शब्द त्यांना ठाऊक नसतो.

या मंडळींत सर्वांत जुना चार्वाक. त्याच्या मताचे ग्रंथ हाती उरले नाहीत. जे कळते ते बहुतेक त्याच्या विरोधकांनी लिहून ठेवले त्यावरून. भांडण झाल्यावर एकाच बाजूची साक्ष घ्यावी, तसा हा प्रकार. महाभारताच्या शांतिपर्वात एक चार्वाक येतो. युद्ध संपून धर्मराज हस्तिनापुरात शिरतो, सगळे आशीर्वाद देत असतात, आणि हा एकटा उभा राहून म्हणतो की, तू आपल्याच भाऊबंदांना मारून राज्य घेतलेस, तुझा धिक्कार असो. तिथल्या ब्राह्मणांनी त्याला नुसत्या हुंकाराने जाळून टाकले, आणि तो मुळी राक्षसच होता, दुर्योधनाचा मित्र होता, असे कथेत सांगितले आहे. ही कथा कीर्तनात कधी माझ्या कानी आली नाही. वाचली तेव्हा मनात आले, त्याने विचारले त्यात खोटे काय होते? खुद्द धर्मराजालाही तीच टोचणी लागलेली होती.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येते. गोपाळ गणेश आगरकर हे १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी गरिबाच्या घरी जन्मले. अंगात एकच सदरा. तो रात्री धुवावा आणि सकाळी घालावा, अशा स्थितीत ते शिकले. कॉलेजात असताना त्यांनी आईला पत्र लिहून कळविले की, मुलगा शिकून मोठ्या पगाराचा होईल अशी आशा धरू नकोस. मी पोटापुरते घेऊन लोकांसाठी झिजणार आहे. केसरीचे ते पहिले संपादक. १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. पुढे मतभेद होऊन केसरी सोडला आणि १८८८ साली सुधारक काढला. १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. दम्याने पोखरलेले शरीर. १८९५ च्या जूनमध्ये गेले, वयाची चाळिशीही गाठली नाही.

आगरकर अज्ञेयवादी होते. देवाधर्माच्या नावाने चालणारी प्रत्येक रूढी त्यांनी बुद्धीच्या तराजूत घातली. आणि त्या तराजूत पहिल्याने काय घातले, तर आपली, बायकांची, दुःखे. विधवेचे केस काढणे, पाळण्यातली लग्ने, जरठ नवरा. संमतिवयाच्या कायद्याने १८९१ साली मुलीचे वय दहाचे बारा केले, तेव्हा एवढ्याशा सुधारणेसाठी पुण्यात रान पेटले होते, आणि आगरकर कायद्याच्या बाजूने उभे होते. स्त्रियांनी जाकिटे घालावीत म्हणून त्यांनी लेख लिहिला, हे वाचून मला हसू आले आणि भरूनही आले. आज आपण जे पोलके घालतो त्याबद्दल कुणा विद्वानाला लेखणी झिजवावी लागली! मुलामुलींना एकच शिक्षण, तेही एकत्र, असे त्यांनी तेव्हा लिहिले. याचे बक्षीस म्हणून पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती पुरुष लेखक घाईने सांगून पुढे जातात. आगरकरांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या, देवधर्म करणाऱ्या होत्या, आणि आगरकरांनी त्यांच्या पूजेअर्चेला आडकाठी केली नाही. हा त्यांचा मोठेपणा खराच. परंतु शेजारणींचे टोमणे, घरच्यांची नाराजी, तुटपुंज्या पैशांत चालवायचा संसार, आणि ऐन तारुण्यात आलेले वैधव्य, हे सारे यशोदाबाईंनी सोसले, तेही जे मत त्यांचे नव्हतेच त्याच्यापायी. नवऱ्याच्या नास्तिकपणाची किंमत बायकोने चुकती करायची, ही रीत तेव्हापासूनची.

दुसरे रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म १८८२. हे तर उघड निरीश्वरवादी. बायका बाळंतपणांत झिजून मरतात हे त्यांना बघवेना. लोक म्हणत, मुले ही देवाची देणगी. कर्वे म्हणत, देणगी घ्यायची की नाही हे बाईच्या हाती असावे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. याच कामापायी त्यांची कॉलेजातली प्राध्यापकी गेली. १९२७ च्या जुलैपासून समाजस्वास्थ्य हे मासिक काढले, ते १९५३ साली मरेपर्यंत सव्वीस वर्षे चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. तरी दंड व्हायचा तो झालाच. त्यांच्या पत्नी मालतीबाई नोकरी करून घर चालवीत होत्या. कर्वे गेले त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ साली, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. आज आपल्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात जी गोळी फुकट मिळते, तिच्यामागे कुणाची अब्रू किती वर्षे पणाला लागली होती, हे ती घेणारीला ठाऊक नसते.

कुणी म्हणेल, ही पुण्यामुंबईची माणसे. आपल्या मराठवाड्यात असले कुणी झाले का? झाले, आणि थोर झाले. नरहर कुरुंदकर १९३२ साली, आता हिंगोली जिल्ह्यात असलेल्या नांदापूर गावी जन्मले. मी नास्तिक आहे असे ते सभेत उभे राहून सांगत. पण मनुस्मृती, नाट्यशास्त्र, महाभारत यांचा त्यांचा अभ्यास असा की, शास्त्री-पंडितांनीही समोर बसून ऐकावे. आता यातली मौज पाहा. ते ज्या नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवीत आणि पुढे प्राचार्य झाले, ते कॉलेज १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांनी स्थापन केलेले. स्वामीजी म्हणजे भगवी वस्त्रे घेतलेले संन्यासी. निजामाच्या राजवटीतून मराठवाडा सोडविण्याच्या लढ्याचे सेनापती. आपल्या अंबाजोगाईच्या शाळेत त्यांनी मुख्याध्यापकी केलेली. आणि त्या संन्याशाला नेता मानणारा हा नास्तिक. स्वामीजींना त्याची अडचण झाली नाही, आणि कुरुंदकरांनाही भगव्या कफनीची झाली नाही. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच कुरुंदकरांचे प्राण गेले. पन्नाशीही पुरी झाली नव्हती.

आपल्या बीड जिल्ह्याने तर याहून मौजेची गोष्ट केली आहे. हा जिल्हा गडांचा, दिंड्यांचा, सप्ताहांचा. इथे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आहे असे आपण अभिमानाने सांगतो. पण १९६७ साली याच जिल्ह्याने लोकसभेवर क्रांतिसिंह नाना पाटलांना पाठविले, तेही कम्युनिस्ट पक्षाकडून. आणि १९७७ साली पुन्हा मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून दिले. त्या पक्षांच्या शिकवणुकीत देवाला जागा नाही, हे का लोकांना ठाऊक नव्हते? गळ्यात माळ घालून लोकांनी मते दिली. पिकाचा भाव, रोजगार, जमीन यांबद्दल हा माणूस आपल्या बाजूने बोलतो का, एवढेच त्यांनी पाहिले. नाना पाटलांनी साताऱ्याकडे प्रतिसरकारच्या काळात हुंडा-मानपानावाचून, थोड्या खर्चात लग्ने लावण्याची चाल पाडली होती. आपल्याकडे ती टिकली असती, तर किती बापांच्या जमिनी वाचल्या असत्या! असो.

आता जवळच्या काळातली गोष्ट. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे डॉक्टर, कबड्डीचे नामवंत खेळाडू. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. ते स्वतः देव मानीत नसत. पण समितीचे धोरण त्यांनी निराळे ठेवले: कुणाच्या देवाधर्माला आमचा विरोध नाही, देवाच्या नावाने जी लूट आणि छळ चालतो त्याला आहे. हा भेद फार महत्त्वाचा आहे. आपल्या भागात भानामतीचे खूळ किती होते ते चाळिशीपुढच्या भगिनींना आठवत असेल. बाई घुमू लागली, कुत्र्यासारखी भुंकू लागली की, करणी कुणी केली याचा शोध सुरू व्हायचा आणि बोट जायचे ते कुणा एकट्या राहणाऱ्या विधवेकडे. माझ्या माहेरी अशा एका म्हातारीला गाव सोडावे लागलेले मी लहानपणी पाहिले आहे. तिच्या अंगणातली तुळस पुढे कितीतरी दिवस कुणी पाणी न घालता तशीच वाळत होती.

आपल्या शेजारच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे. तिथल्या चौथऱ्यावर बायकांनी चढू नये असा दंडक होता. २००० साली त्याविरुद्ध कोण उठले? डॉ. दाभोलकर, नटवर्य डॉ. श्रीराम लागू आणि त्यांचे सोबती. डॉ. लागूंनी तर परमेश्वराला रिटायर करा असा लेख लिहून खळबळ उडवून दिली होती. लोकांनी हसून विचारले, तुम्हाला शनी नको तर चौथऱ्याची उठाठेव कशाला? उत्तर सरळ होते: आम्हाला नको असेल, पण ज्या बाईला हवा आहे तिला बाई म्हणून का अडविता? पुढे २०१६ साली विद्या बाळ यांनी उच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांचा लढाही दर्शनाचा नव्हता, बरोबरीच्या हक्काचा होता. त्या वर्षीच्या एप्रिलच्या आरंभी न्यायालयाने सांगितले की, जिथे पुरुष जाऊ शकतो तिथे बाईलाही जाता आले पाहिजे. आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा बायकांना खुला झाला. आपल्या गल्लीतल्या तिघीचौघी मागल्या वर्षी तिथे तेल वाहून आल्या. ती वाट त्यांना मोकळी करून दिली ती शनीला न मानणाऱ्यांनी, हे त्यांच्या गावीही नव्हते.

जादूटोण्याविरुद्धचा कायदा व्हावा म्हणून दाभोलकर वर्षानुवर्षे झटले. मसुद्यात पुन्हापुन्हा दुरुस्त्या झाल्या. वारकऱ्यांत अफवा पसरली की, वारी बंद होणार, कीर्तन बंद होणार. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात फिरायला निघालेल्या या माणसाला पुलावर गोळ्या घातल्या. चारच दिवसांत सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. खटल्याचा निकाल लागायला मे २०२४ उजाडले. दोघांना जन्मठेप झाली, तिघे पुराव्याअभावी सुटले. हुंकाराने जाळण्याची कथा जुनी, ही आपल्या डोळ्यांदेखत घडलेली.

या कायद्यात बारा गोष्टी गुन्हा म्हणून लिहिल्या आहेत, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. त्याच कायद्यात हेही स्पष्ट लिहिले आहे की, पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, भजन यांना तो लागू नाही. बारांपैकी एक गोष्ट सापाची. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करीत बसणे हा गुन्हा आहे. हे वाचताना मला आमचे धाकटे भाऊजी आठवले. तेही देवाला हात न जोडणारे. शेजारच्या पोराला उसाच्या फडात मण्यार चावली, तेव्हा रीतीप्रमाणे त्याला मारुतीच्या देवळात नेऊन लिंबाचा पाला चारीत होते. भाऊजींनी कुणाशी वाद घातला नाही. पोराला मोटारसायकलवर मध्ये बसवले, मागे त्याच्या बापाला बसवले आणि थेट अंबाजोगाईचा सरकारी दवाखाना गाठला. पोर वाचले. आईने मारुतीला नारळ फोडला, आणि त्यातला खोबऱ्याचा तुकडा घेऊन ती आधी भाऊजींच्या दारी आली. त्यांनी तो खाल्ला.

पण नुसते विज्ञान शिकले की माणूस शहाणा होतो, असेही समजू नका. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. बाकीच्या कुठे गेल्या? त्यांना कुणा मांत्रिकाने नेले नाही. त्या यंत्राने नेल्या, आणि यंत्र चालविणारे चांगले शिकलेले होते. मुलाच्या हातची अग्नी मिळाली नाही तर गती नाही, ही समजूत जुनी, आणि तिच्या दिमतीला आले नवे शास्त्र. तेव्हा मला वाटते, पुढच्या काळात देव न मानणाऱ्या माणसांनी देवळाच्याच दारात उभे राहून भागणार नाही. दवाखान्याच्या दारातही कुणीतरी उभे राहून विचारले पाहिजे की, हे का चालले आहे?

सक्तीचा मार्ग मात्र नको. अल्बानिया म्हणून युरोपात एक छोटा देश आहे. तिथल्या सरकारने १९६७ साली देशात देवच नाही असे ठरवून मशिदी आणि चर्च सगळी बंद केली. वीसबावीस वर्षांनी सत्ता ढिली झाली आणि लोकांनी ती पुन्हा उघडली. हुकमाने देव येत नाही, तसा जातही नाही. त्यापेक्षा आंध्रातल्या गोरा आणि त्यांच्या पत्नी सरस्वती यांचा मार्ग मला पटतो. १९४० साली त्यांनी नास्तिक केंद्र काढले, पुढे ते विजयवाड्याला नेले. गोरा गांधीजींशी वाद घालीत आणि त्यांच्याच चळवळीत तुरुंगातही जात. सरस्वतीबाई गरोदर असताना ग्रहणात नेहमीप्रमाणे हिंडल्या-फिरल्या आणि मूल धडधाकट झाले. मग त्या इतर बायकांना ते सांगू शकल्या. त्यात भाषण फारसे नव्हते. बाईने बाईला करून दाखविले होते.

आणि इथेच मला पुढची वाट दिसते. २०११ च्या जनगणनेत आपल्या सबंध देशात स्वतःला नास्तिक म्हणून लिहून देणारी माणसे निघाली अवघी तेहेतीस हजारांच्या आसपास. त्यांपैकी सर्वांत जास्त, साडेनऊ हजारांवर, आपल्या महाराष्ट्रात. एवढीच असतील असे मला वाटत नाही. लिहून द्यायला धीर लागतो. त्यातून बाईला तर फारच. पुरुष म्हणतो मी नास्तिक, आणि पंगतीला बसून पुरणाची पोळी खातो. तो कुलाचार कोण करते? त्याची बायको. घट ती बसवते, सोवळ्याचा स्वयंपाक ती करते, चार दिवस बाजूला ती बसते. पुरुषाचा नास्तिकपणा हे मत असते. बाईने तेच म्हटले तर ते कामचुकारपण ठरते, नाहीतर घराण्याला लागलेला बट्टा. म्हणून आगरकर, कर्वे, कुरुंदकर, दाभोलकर अशी नावे आपल्याला झटकन आठवतात, आणि बायकांची नावे शोधावी लागतात.

आमच्या लेकीला मागल्या महिन्यात एक चांगले स्थळ आले. मुलगा शिक्षक. त्याच्या आईने पहिलाच प्रश्न विचारला, मुलीला देवाधर्माची आवड आहे ना? मी काय बोलावे याचा विचार करीत होते तोवर लेकच म्हणाली, "मला आवड नाही, पण तुमच्या पूजेची तयारी मी करून देईन, आणि तुम्ही आजारी पडलात तर रात्रभर जागेन." अजून त्यांच्याकडून निरोप नाही. आत्याबाई रोज विचारतात. मीही दाराकडे बघत असते, खोटे कशाला सांगू? पण तिने खोटे बोलून लग्न जमवावे असे मात्र मला एकदाही वाटले नाही.

घटनेने आपल्याला दिलेले स्वातंत्र्य नुसते धर्म पाळण्याचे नाही, विवेकबुद्धीचेही आहे. १९७६ च्या दुरुस्तीने शोधकबुद्धी आणि विज्ञाननिष्ठ दृष्टी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून घटनेत लिहिले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये सांगितले की, तुझा धर्म कोणता ते सांगच, अशी सक्ती सरकारला कुणावर करता येणार नाही. २०१६ साली आपल्या राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. कागदावर सगळे आहे. पण देव न मानणाऱ्या सुनेने मंगळागौरीला फुगडी घातली तर चालेल का, पूजेला न बसता जेवायला बसली तर चालेल का, हे उच्च न्यायालय ठरवीत नाही. ते आपल्या माजघरात ठरते.

पुढे या माणसांचे काम वाढणारच आहे. पूर्वी बुवा गावात यायचा तेव्हा त्याला चारजण पाहायचे. आता तो मोबाईलमधून थेट स्वयंपाकघरात येतो आणि पैसेही तिथूनच घेऊन जातो. देवस्थानाच्या पैशांचा हिशेब ग्रामसभेत मागायला कुणीतरी लागते. मेल्यावर देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा, डोळे द्यावेत, असे म्हणणारे लागते. भाविक माणूसही हे करू शकतो, करतोही; परंतु पहिल्याने उठून बोलायला जो कोडगेपणा लागतो तो ज्याला पापाची भीती नाही त्याला सोपा जातो. एक मागणे मात्र त्यांच्याकडेही आहे. आम्हाला अडाणी म्हणून हसू नये. ज्या बाईला नवऱ्याच्या दारूपुढे कुठेच दाद लागत नाही, तिने देवीपुढे बसून रडावे हे चुकीचे म्हणण्याआधी तिची दारूची दाद लावून द्यावी. दाभोलकरांनी व्यसनमुक्तीचे कामही केले होते, ते म्हणूनच मला मोठे वाटते.

आपल्या मंडळातही एक भगिनी अशा आहेत. नाव लिहीत नाही, सर्वांना ठाऊक आहे. त्या सत्यनारायणाला बसत नाहीत. पण बचत गटाचा पैन् पैचा हिशेब सात वर्षे त्यांच्याकडे आहे आणि कुणाचा रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची चाल बंद केली, त्याचे कात्रण त्यांनीच आपल्या सभेत वाचून दाखविले होते, आणि यंदाच्या हळदीकुंकवाला विधवा भगिनींनाही बोलवावे अशी सूचना मांडली होती. घटकाभर कुणी बोलेना. मग सर्वांत आधी हात वर झाला तो गळ्यात तुळशीची माळ असलेल्या आपल्या आजींचा, ज्यांनी पंढरीची वारी एकही वर्ष चुकविलेली नाही. सूचना मंजूर झाली. तेव्हा वर्धापनदिनी सकाळी पूजा आहे, दुपारी चार वाजता हळदीकुंकू आहे, आणि ज्यांची वर्गणी राहिली आहे त्यांनी ती आदल्या दिवसापर्यंत त्याच हिशेबाच्या वहीत लिहून द्यावी.